चोरमाप

९ सप्टेंबर

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडणार असशील, तर निदान आधी वाच आणि मग फाड. एकतीस वर्षांनी लिहितोय आणि त्यातही माझंच घोडं दामटायला लिहितोय, हे कबूल. तुझा पत्ता तुझ्या कारखान्यातल्या एका माणसाकडून मिळवला. त्यानं फोनवर दोनदा विचारलं, "तुम्ही नक्की सख्खे भाऊ ना?" मी म्हटलं, कागदोपत्री तरी आहोत.

काम असं आहे. इथल्या संगीत विद्यालयाला आपल्या वह्या छापायच्या आहेत. स्विंगच्या जमान्यातले बावन्न जॅझ सोलो, जुन्या तबकड्यांवरून कानानं उतरवलेले. ग्रंथपाल बाई तरुण आहेत, एक चष्मा नाकावर आणि एक डोक्यावर, दोन्ही शोधत असतात. त्या म्हणाल्या, आता मुलं यंत्रावर गती कमी करून ऐकतात. मी म्हटलं, आमच्याकडेही यंत्र होतं, माझा अंगठा. तबकडीच्या कडेला अंगठा टेकवून मी तिला हळू करायचो. सूर पार खाली घसरायचे, तरी तू ते ऐकून मूळ पट्टीत गाऊन दाखवायचास, मग सॅक्सोफोनवर शोधायचास. तीनदा तेच आलं तरच मी शाईनं लिहायचो. बाईंचं तोंड उघडंच राहिलं.

तर तुझी सही लागेल, कारण वह्यांवर 'ऐकणारा' म्हणून तू आहेस आणि 'लिहिणारा' म्हणून मी. शिवाय फुल्या तपासायच्या आहेत. बोट पडतं पण फुंकर पुरती लागत नाही, ते गिळलेले सूर आपण फुलीनं दाखवायचो. मला ते तेव्हाही तुझ्या सांगण्यावरूनच कळायचे. आता तर वरच्या पट्टीतलं काहीच नीट ऐकू येत नाही. कुकरची शिट्टीसुद्धा शेजारी येऊन सांगतात.

आणि एक गंमत. आपलं चोरमाप आठवतं? चार ठोक्यांचं एक माप, बत्तीस मापांची फेरी, आणि तेविसाव्या मापात त्या टेनर सॅक्सोफोनवाल्यानं दोन ठोके चक्क चोरून पुढची उडी घेतली, असं आपण समजत होतो. तू म्हणायचास, याला म्हणतात छाती. तर ते काहीच नव्हतं. ओरखडा होता! बाईंनी त्याच तबकडीची दुसरी, स्वच्छ प्रत शोधून काढली. कुठून ते विचारू नकोस, ही माणसं कुठूनही काहीही शोधतात. तिच्यात सगळी बत्तीस मापं धडधाकट आहेत. आपल्या तबकडीवर सुई घसरून एक अख्खा फेरा पुढे जायची, आणि त्या लयीत तबकडी एकदा फिरेपर्यंत नेमके दोन ठोके बसतात. दीड बसले असते तर ठेका लंगडला असता आणि आपल्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं. मला हसू आलं. तुलाही यावं म्हणून लिहिलं.

फॉर्म सोबत आहे. शेवटच्या पानावर सही कर.

दादा

२६ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. फॉर्म नाही, 'कसा आहेस' नाही. फक्त पाच शब्द. "म्हणजे मला मोजता येत होतं?"

मी ते कार्ड टेबलावर ठेवून दोन दिवस त्याच्याभोवती फिरत होतो. हो, येत होतं. तबकडीवर जे होतं ते तू केसाइतकाही फरक न करता वाजवलंस. चूक तबकडीची.

त्या दिवसाबद्दल मी गेल्या पत्रात अवाक्षर काढलं नाही आणि वर गंमत म्हणालो. मला लाज वाटते. अठरा मे होता, पस्तीस वर्षांपूर्वीचा. चौदा जणांचा बँड, दोन वर्षांचा दौरा, टेनरची एकच खुर्ची रिकामी. बँडमास्तरनं आलेल्या प्रत्येकाला तोच, चोरमापाचा सोलो वाजवायला सांगितला होता, आपल्याला तो तोंडपाठ, म्हणून तू आदल्या आठवड्यापासून जमिनीवर चालत नव्हतास. हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या होत्या, मी तिसऱ्या रांगेत होतो. तू असा सुरू केलास की ड्रमवाल्यानं मान वर केली. मग तेविसावं माप आलं. तू दोन ठोके पुढे गेलास आणि बाकीचे मागे राहिले. ते चुकतायत असं समजून तू थांबला नाहीस, उलट जोर केलास. शेवटी तू संपवलंस तेव्हा त्यांचे दोन ठोके उरलेच होते, आणि तेवढ्यात बासवाला हसला.

बँडमास्तर म्हणाला, "कान लाखात एक आहे. पण याला मोजता येत नाही." सगळ्यांसमोर म्हणाला. घरी येताना तू एकदाच विचारलंस, "दादा, खरंच?" मी काय म्हणालो ते तुला आठवत असेलच. मी म्हणालो, मी तुला कधीचा सांगतोय, मोज म्हणून.

ते मी म्हणायला नको होतं.

दादा

१४ ऑक्टोबर

धाकट्या,

चार पानं! तुझं अक्षर अजूनही कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं आहे, पण एक शब्द सोडला नाही मी.

सॅक्सोफोन भाड्यानं आणलास हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. ओठ फुटणारच रे. पस्तीस वर्षांनी तोंडाला लावल्यावर काय होणार? दिवसाला वीस मिनिटं, जास्त नाही, आणि आधी आठवडाभर फक्त लांब सूर. तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे. पहिल्याच दिवशी तो सोलो काढलास ना? आणि तेविसाव्या मापात ते दोन ठोके भरून पुढे गेलास, आणि काही कोसळलं नाही म्हणतोस. नाहीच कोसळणार.

खाली तुझ्या बायकोनं लिहिलेल्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचतोय. "भावोजी, औषधाच्या कारखान्यात यांनी तीस वर्षं प्रत्येक खोकं तीन-तीनदा मोजलं. माणसं तोंडावर 'तिबार' म्हणायची, बढती दोनदा गेली. मुलीच्या शाळेत सगळे टाळ्यांचा ठेका धरायचे आणि हे हात मांडीखाली घेऊन बसायचे. मला वाटायचं स्वभाव असेल. आता स्वयंपाकघरात टाच आपटत फिरतात, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. तुमचे फार उपकार झाले."

तिला सांग, उपकारबिपकार काही नाही. खरंच सांग.

तू विचारलंयस की मी नोकरीला होतो त्या जुन्या तबकड्यांच्या दुकानात त्या तबकडीची दुसरी प्रत कधी आली नव्हती का. नाही. मी तिथे अकरा वर्षं काउंटरवर होतो. येणारी प्रत्येक तबकडी माझ्या हातून जायची, तिच्या कव्हरवर तारखेचा शिक्का मीच मारायचो, आणि आली असती तर मला कळल्याशिवाय राहिलं असतं का? ती फार दुर्मीळ होती. शिवाय त्या वर्षी माल कमीच आला होता. शिवाय आईचं तेव्हा मांडीचं हाड मोडलेलं, माझं अर्धं लक्ष घरी असायचं. तर नाही आली.

फॉर्म अजून पाठवला नाहीस.

दादा

७ नोव्हेंबर

धाकट्या,

तू लिहिलंयस की पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायला सांग, 'चोरमापाची चूक माझ्या थोरल्या भावानं शोधली.' ते छापता येणार नाही.

काल ग्रंथपाल बाईंनी ती स्वच्छ प्रत माझ्यापुढे ठेवली. त्यांना ती कुठे मिळाली हे मी तुला लिहिलं नव्हतं. माझ्याच कपाटात मिळाली. पहिल्यांदा वह्या न्यायला आल्या होत्या, मी चहा टाकायला आत गेलो, आणि त्यांनी उत्साहानं चादरींच्या खालचंही बाहेर काढलं. कव्हरवर दुकानाचा गोल शिक्का आहे, तारखेसकट. काल तो दाखवून बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, "साखर किती घालू?" बाई दोन्ही चष्मे काढून पुसत बसल्या.

तर ऐक. ती प्रत दुकानात आली होती. सतरा मेला. तुझ्या वाजवण्याच्या आदल्या दिवशी. मी दुकान बंद करताना लावून ऐकली तेव्हा ओरखडा कळला. घरी आलो तर तू सॅक्सोफोनचं पितळ पुसत बसला होतास आणि आई पलंगावरून तुझ्या शर्टाच्या इस्त्रीला नावं ठेवत होती. एका रात्रीत तू काय बदलणार होतास? उलट बावचळला असतास. आणि खरं सांगायचं तर आईचा विचारही मनात आला. तिला उठवायला, बसवायला दोन माणसं लागत. तू दोन वर्षं गेलास तर मी एकटा काय करणार होतो? गप्प बसलो.

ते पस्तीस वर्षं मनात होतं. आता सांगितलं. तुला राग आला तर हक्क आहे तुझा.

दादा

२१ नोव्हेंबर

धाकट्या,

तू मला माफ केलंस. एवढं लवकर करायला नको होतंस.

"एका दिवसात तू तरी काय करणार होतास, दादा? आणि आईसाठी मीही गप्प बसलो असतो." हे तुझं वाक्य. आणि पुढे, येत्या रविवारी सॅक्सोफोन घेऊन येतोस, बायकोला घेऊन येतोस, "तू पूर्वीसारखी टाच दे, मी वाजवतो."

मी टाच देऊ शकत नाही. का, ते सांगतो. हे पत्र आजच टाकलं की शुक्रवारपर्यंत मिळेल. पोस्टाची पेटी कोपऱ्यावरच आहे, आणि मी चप्पल घालूनच लिहायला बसलोय.

शिक्का सतरा मेचा नाही. दोन मार्चचा आहे.

तुझी तयारी सुरू व्हायच्याही आधी ती प्रत आली. एका म्हाताऱ्या वादकाच्या घरातून खोकं आलं होतं, त्यात वरूनच तिसरी. मी शिक्का मारला, लावली, तेविसाव्या मापात माझी टाच पडली आणि संगीत पुढे गेलंच नाही, अजून दोन ठोके तिथेच होतं. मी तीनदा ऐकली. मग ती विकायला न ठेवता घरी आणली आणि चादरींखाली सारली. आणलेली तुला दाखवायलाच होती. त्या दिवशी घरी आलो तेव्हा तू एक तान गाऊन सॅक्सोफोनवर काढत होतास, आठवडाभर मी जिच्याशी झटत होतो ती. पाच मिनिटांत काढलीस आणि मला म्हणालास, "दादा, तू लिही फक्त." तू सहज म्हणालास. तुला आठवणारही नाही.

नंतर दोनेक महिने मी रोज तुझ्यासमोर बसलो. पहिल्या ठोक्याला टाच आणि बाकी तिन्हींना पायाची बोटं, ही आपली पद्धत. तू लयीच्या बाबतीत स्वतःवर विश्वास ठेवायचा नाहीस, माझ्या पायाकडे बघायचास. तेविसावं माप आलं की मी टाच, बोटं आणि लगेच पुन्हा टाच द्यायचो. माहीत नव्हतं तोवर ते आपोआप व्हायचं. माहीत झाल्यावर मला ते मुद्दाम करावं लागायचं, आणि चुकू नये म्हणून मी टाच जास्तच जोरात आपटायचो. आई म्हणायची, फरशी फुटेल.

एप्रिलमध्ये एकदा तू मध्येच थांबलास. म्हणालास, "दादा, इथे दोन ठोके राहिल्यासारखे वाटतात. त्यानं चोरले असं नाही वाटत, कापले गेल्यासारखं वाटतं." तुझ्या कानानं ओरखडा ऐकला होता. तुझ्या जागी मी असतो तर मला जन्मात ऐकू आला नसता. मी म्हणालो, "तुला मोजता येत नाही म्हणून तसं वाटतं. माझ्या टाचेकडे बघ." तू बघितलंस. त्यानंतर कधी शंका काढली नाहीस.

अठरा मेला, गोंधळ झाला तेव्हा, तू वाजवता वाजवता तिसऱ्या रांगेकडे बघितलंस. माझे पाय शोधत होतास. मी ते खुर्चीखाली घेतले होते.

अजून एक आहे, आणि हे कोणालाच माहीत नाही, कारण तो बँडमास्तर आता हयात नसावा. तू बाहेर पेटी बंद करत होतास तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "कान लाखात एक आहे हो. तिथे काय झालं त्याला? पुन्हा एकदा ऐकू का?" एवढंच विचारलं त्यानं. मी 'हो' म्हणालो असतो, किंवा नुसता गप्प राहिलो असतो, तरी तू पुन्हा वाजवलं असतंस. मी म्हणालो, "काही उपयोग नाही. त्याला मोजताच येत नाही." मग तू आत आल्यावर तो सगळ्यांसमोर जे बोलला ते माझं वाक्य होतं. तू तीस वर्षं जे घेऊन खोकी मोजलीस ते त्याचं नव्हतंच.

आईचं नाव मी गेल्या पत्रात घेतलं. तिला मध्ये ओढायला नको होतं. तिनं मार्चमध्येच मला सांगितलं होतं, "त्याला जाऊ दे रे. शेजारची येईल मला उठवायला, मी बोललेय तिच्याशी." शेजारची तयारही होती.

मला तुझा कान सहन होत नव्हता. बाकी काही कारण नाही. एकतीस वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, तू वह्या मागितल्यास तेव्हाही, "वाजवणार नाहीस तर वह्या कशाला" म्हणून मी दिल्या नाहीत, त्याचंही तेच. वह्यांवर 'ऐकणारा' वरती आणि 'लिहिणारा' खाली होतं, आणि मला रोज ते दिसायचं.

रविवारी यायचं की नाही ते तू ठरव. मी घरी असेन.

दादा

९ डिसेंबर

धाकट्या,

दोन रविवार गेले. मी वाट पाहिली असं लिहीत नाही, तो हक्क मला नाही. खिडकीत बसलो होतो, एवढंच.

ग्रंथपाल बाईंनी सांगितलं, तुझा फॉर्म परस्पर त्यांच्याकडे आला. सही आहे. फुल्या सगळ्या तपासल्यास, नऊ ठिकाणी मी चुकीच्या लिहिल्या होत्या म्हणे. तेविसाव्या मापातले राहिलेले दोन ठोके तू स्वतः पेन्सिलनं भरलेस. बाई म्हणाल्या, अक्षर भयंकर आहे, पण एकेक सूर बरोबर आहे. पहिल्या पानावरची नावं आहेत तशीच ठेवा, असंही तू कळवलंस. पुस्तक मार्चमध्ये येईल. तुझ्या प्रती तुझ्याच पत्त्यावर पाठवायला सांगितल्या आहेत, माझ्याकडून नाही.

आज सकाळी तुझं कार्ड आलं. वर 'दादा' लिहिलेलं नाही, खाली तुझंही नाव नाही. मी त्या पत्रात 'दोनेक महिने' असं लिहिलं होतं, सगळं कबूल करायला बसलो होतो तरी. कार्डावर तू लिहिलंयस, "दोन मार्च ते अठरा मे, सत्त्याहत्तर दिवस. एकदाच मोजले."

मी कॅलेंडर काढून बसलो. मार्चचे एकोणतीस, एप्रिलचे तीस, मेचे अठरा. बोटांवर धरले, मग कागदावर मांडले, आणि खात्री वाटेना म्हणून तिसऱ्यांदाही मोजले.

तुझं बरोबर आहे.

दादा